गंजिफांतला हुकूम

भंडाऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याहि मराठी घरांत लग्नकार्याच्या रात्रीं मेंढीकोटाचा डाव रंगलेला आपण पाहिला असेल. समोरासमोरचे दोघे भिडू होतात, तेरा तेरा पानें वाटलीं जातात, आणि चारी दश्श्या, म्हणजे मेंढ्या, एका बाजूला गेल्या कीं कोट झाल्याची आरोळी उठते. या खेळांत हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या राजालाहि मारते. हाच ‘हुकूम’ शब्द आपल्या जुन्या गंजिफांतहि आहे. पण तेथें त्याचा अर्थ निराळा, आणि त्या अर्थांतच त्या खेळाचें मर्म आहे.

गंजिफांचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत येतो. सिंधच्या शाह हसनास या खेळाची आवड होती, म्हणून 1527 सालीं बाबरानें त्याला गंजिफा पाठविल्या. पुढें अकबराच्या दरबारांतील बारा रंगांच्या, एकशेंचव्वेचाळीस पानांच्या गंजिफांचें वर्णन अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’त केलें. हिंदु चित्रकारांनीं रंगांच्या जागीं विष्णूचे अवतार बसविले आणि दशावतारी गंजिफा झाल्या : दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें, एकूण एकशेंवीस वाटोळीं पानें.

खेळ बहुधा तिघांचा. प्रत्येकास चाळीस पानें येतात. भिडू कोणी कोणाचा नाहीं. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हातीं रामाचा राजा त्याची पहिली उतारी, रात्रीं असेल तर कृष्णाच्या राजाचा मान. उतारीच्या रंगाचें सर्वांत मोठें पान टाकील त्याचा हात. परक्या रंगाच्या राजाची तेथें मातब्बरी नाहीं. शेवटीं ज्याचे हात अधिक तो जिंकला.

आतां गंमत पाहा. अर्ध्या रंगांत प्रधानाखालीं दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. आणि हुकूम म्हणजे त्या त्या रंगांत शिल्लक राहिलेल्यांपैकीं सर्वांत मोठें पान. राजा गेला कीं प्रधान हुकूम होतो; प्रधान गेला कीं कोठें दश्शी, कोठें एक्का. हा हुकूम कोणी बोलून ठरवीत नाहीं; गेलेलीं पानें ज्याच्या ध्यानांत राहिलीं त्यालाच तो ओळखतां येतो. दहा रंगांचा हा हिशेब डोक्यांत ठेवणें, हीच या खेळाची विद्या.

छापील बावन्न पानें स्वस्त मिळूं लागलीं, आणि चिताऱ्यांनीं चिंचोक्याच्या खळीनें सिद्ध करून लाखेनें चमकविलेलीं पानें मागें पडलीं. सावंतवाडीस ही कला अगदीं विझत आली असतां, 1971 च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच चिताऱ्यांना बसवून ती पुन्हां उभी केली. त्यांचे उपकार मोठे आहेत.

पण चित्र वांचलें म्हणजे खेळ वांचला असें नव्हे. आज गंजिफांची पेटी हौसेनें विकत घेतली जाते व दिवाणखान्यांत मांडली जाते; मत्स्याचा प्रधान पडल्यावर हुकूम कोणाकडे गेला, हें सांगणारा मात्र विरळा. मूर्ति देव्हाऱ्यांत आणून पूजा विसरावी, तसेंच हें. आपल्या घरीं अशी पेटी असेल तर एखाद्या रविवारीं ती उघडावी, तिघांनीं बसावें, आणि रामाच्या राजाची उतारी करावी. रंगांचा क्रम दोनदां चुकेल. तिसऱ्या डावाला मुलेंच वडिलांची चूक दाखवूं लागतील.