व्हॉल्व्हचे जुने सामान (प्रीमियर पद्मिनी)

इंजिनातील व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या यंत्रणेचे वापरलेले सुटे भाग: कॅमशाफ्ट, टॅपेट, पुशरॉड, रॉकर आणि त्याचा शाफ्ट, स्प्रिंग, लॉक आणि खुद्द व्हॉल्व्ह. बंपर किंवा दरवाजा जुना घेतला तर दोष डोळ्यांना दिसतो. इथे तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, म्हणून मायक्रोमीटर खिशात नसेल तर हे सामान घेऊ नये.

प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना मात्र या बाजाराला पर्याय उरलेला नाही. फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. हौसेने सांभाळलेल्या गाड्यांना आता भंगारात निघालेल्या इंजिनांचाच आधार आहे. तिच्या १०८९ सीसी पेट्रोल इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. तो टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरला ढकलतो.

या रचनेत टॅपेट कॅमच्या उंचवट्यावर थेट घासत चालतो आणि दोघे एकमेकांच्या मापाने झिजतात. म्हणून कॅम आणि टॅपेट एकाच इंजिनातले, तेही कोणता टॅपेट कोणत्या उंचवट्यावरचा याची खूण करून ठेवलेले असतील, तरच घ्यावेत. आठ टॅपेट पिशवीत एकत्र खुळखुळत असतील तर ते फुकट दिले तरी नकोत. नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीही बसवू नये. चांगल्या जुन्या कॅमवर नवे टॅपेट चालतात. मात्र माखायला खास ग्रीस लावून, इंजिन सुरू होताच सुमारे २००० आरपीएमवर वीसेक मिनिटे चालवून ते रुळवावे लागतात.

टॅपेटचा तळ सपाट दिसला तरी नवा असताना किंचित फुगीर असतो. त्यामुळेच तो चालताना स्वतःभोवती फिरतो आणि सगळीकडून सारखा झिजतो. त्यावर पोलादी पट्टीची धार टेकवून उजेडाकडे धरावी. पट्टी मध्यावर टेकली आणि कडांशी उजेड दिसला तर ठीक. उजेड मधोमध दिसला तर तळ खोलगट झाला आहे, टॅपेट बाद. तळावर टोचल्यासारखे खड्डे असतील तर त्याच्या जोडीचा कॅमही संशयित. कॅम तपासायला कंपनीचे पुस्तक हाताशी असलेच पाहिजे असे नाही. प्रत्येक उंचवट्याची पूर्ण उंची मोजून त्यातून पायाच्या गोलाचा व्यास वजा करावा. चारही इनटेकचे आकडे आपसांत आणि चारही एक्झॉस्टचे आपसांत जुळले पाहिजेत. एखादाच मागे पडला तर तो झिजला. सगळे सारखेच झिजले असतील तर ही तुलना फसते, तिथे मूळ माप लागतेच.

रॉकर शाफ्टची झीज खालच्या अंगाला होते, कारण पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दोन्हीकडून रॉकरला वर रेटतात. विक्रेता शाफ्ट वरून चकचकीत करून ठेवतो. तो उलटा करून नख फिरवावे, पायरी लागली की सोडून द्यावा. रॉकरच्या टोकाला चर पडला असेल तर फिलर गेज चरावर आडवी बसते आणि खरी फट तिच्यापेक्षा जास्त राहते. टॅपेट कितीही सेट केले तरी टकटक जात नाही. पुशरॉड काचेवर लोळवला की वाकलेला लगेच कळतो.

व्हॉल्व्हच्या डोक्याची कड एक्झॉस्टला ०.८ मिमीपेक्षा बारीक झाली असेल तर ती तापून जळते. दांडा तीन ठिकाणी मोजावा, गाइडमध्ये घासणारा भाग न घासलेल्या भागाशी ताडून. एक्झॉस्टच्या डोक्याला चुंबक चिकटले नाही म्हणून माल नकली ठरत नाही: उष्णता सोसणारे ऑस्टेनिटिक पोलाद चुंबकाला धरत नाही. लॉकची खाच गोलावली असेल तर मात्र घासाघीस करू नये. चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात.

स्प्रिंग ओळीने उभ्या करून वरून पट्टी ठेवावी, गुण्या लावून कलही पाहावा. गंजाचा एक टिपका पुढे तडा जाण्याची जागा ठरतो. हे लेखकाचे ठाम मत आहे की स्प्रिंग, लॉक आणि ऑइल सील शक्यतो जुने घेऊच नयेत. नवे मिळत नसतील तेव्हाच स्प्रिंगचा विचार करावा, आणि तोही टेस्टरवर दाब मोजून.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, सुट्या सामानावर नाही. म्हणून गाडी रीतसर भंगारात निघाल्याचे कागद आणि पक्की पावती मागावी. २०२१ च्या नियमांनुसार भंगार गाड्यांसाठी नोंदणीकृत केंद्रे आहेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.