सेकंडहँड बाईक घेताय? आधी कागद, मग किक

पुण्यात जून-जुलै आला की कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच छापाचे मेसेज फिरू लागतात. 'बाईक विकणे आहे. फर्स्ट ओनर, सिंगल हँड, एमएच-१२ पासिंग, कागदपत्रं क्लिअर.' शिक्षण संपवून गावी किंवा नोकरीच्या शहरात निघालेला विद्यार्थी गाडी विकतो आणि नुकताच पुण्यात आलेला दुसरा ती घेतो. अनेकदा व्यवहार अर्ध्या तासात आटोपतो. सीट झटकून, किक मारून, एक चक्कर मारली की गाडी पसंत.

पण जुन्या बाईकमध्ये सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्ट इंजिन नसते. घासलेली क्लच प्लेट बदलता येते, त्याचा खर्च मेकॅनिककडून आधी विचारता येतो. गाडी दुसऱ्याच्याच नावावर राहिली, तिच्यावर कर्जाचा बोजा निघाला किंवा ती चोरीची निघाली, तर मात्र खर्चाला मर्यादा राहत नाही.

गाडी नावावर करणं इतकं महत्त्वाचं का?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गाडीची नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. त्या प्रकरणातली कार पहिल्या मालकाने २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती आणखी काही जणांच्या हातांत गेली, पण नोंदणी बदललीच नाही. २००९ मध्ये त्या कारच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली.

'फॉर्मवर सह्या करून देतो, नावावर नंतर करून घ्या' हे वाक्य म्हणूनच दोघांनाही धोक्याचं आहे. विकणाऱ्याच्या नावावर ई-चलन येत राहतात, अपघात झाला तर नोटीसही त्यालाच जाते. घेणाऱ्याकडे गाडी असते, पण ती त्याची आहे हे सांगणारा सरकारी कागद नसतो. त्याला पुढे विकायची म्हटली तर जुन्या मालकाला शोधत फिरावं लागतं.

कायद्यात यासाठी मुदत आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात.

पैसे देण्याआधी घरबसल्या काय तपासायचं?

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲप किंवा परिवहन संकेतस्थळावर बरीच माहिती दिसते. त्यात या गोष्टी पाहाव्यात:

• नोंदणीची तारीख आणि मालकाचा क्रमांक. जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' आणि नोंदीत तिसरा मालक, असं असेल तर तिथेच थांबावं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण करही भरावा लागतो.

• कर्जाचा बोजा. गाडी हप्त्यावर घेतली असेल, तर बँक किंवा फायनान्स कंपनीचं नाव नोंदीत असतं. हप्ते फिटले तरी हे नाव आपोआप जातंच असं नाही. त्यासाठी कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा.

• विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. त्यामुळे 'विमा चालू आहे' हे खरं असलं, तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण संपलेलं असू शकतं. पॉलिसी उघडून पाहावी. व्यवहारानंतर १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस खरेदीदाराला मिळत नाही.

• थकलेली ई-चलन. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर ती दिसतात. ती कोण भरणार हे भाव ठरवतानाच स्पष्ट करावं.

• नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक आहे. ती नसेल तर मालकी बदलण्यासारखी आरटीओतली कामं अडू शकतात.

गाडी चोरीची नाही ना, हे पाहण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही ऑनलाइन सुविधा आहे. पुण्यात बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी भरपूर असल्याने त्यांच्याकडच्या पासिंगच्या गाड्याही विकायला असतात. अशी गाडी इथे नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. स्वस्त वाटणारी गाडी इथेच महाग होते.

गाडी बघायला गेल्यावर

दिवसाउजेडी आणि शक्यतो ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जावं. सगळ्यात आधी चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवावेत. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर व्यवहार सोडून द्यावा.

मग इंजिनाला बाहेरून अलगद हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल, तर गाडी थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असण्याची शक्यता आहे. ती थंड होऊ द्यावी आणि मग सुरू करावी. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑईल खातंय. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं असावं.

चेन मागच्या चाकाजवळ ओढून पाहावी. ती स्प्रॉकेटपासून फार सुटत असेल किंवा दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर चेनसेट बदलावा लागणार. मेनस्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवावं. मध्येच अडकल्यासारखं झालं, तर हँडलचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. पुढच्या शॉकअपवर ऑईलचे ओघळ नाहीत ना, हे पाहावं. चालवताना ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो, पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट घासल्या आहेत.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये. मीटरवर १५ हजार किलोमीटर आणि फूटरेस्टचे रबर पार गुळगुळीत, हे जुळत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. सर्व्हिसची बिलंही मागावीत.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

पुणेकरांनी हा मुद्दा विसरू नये. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत शिरलेल्या पाण्यात अनेक गाड्या बुडाल्या. धुऊन पॉलिश केलेली अशी गाडी वरून चकाचक दिसते. खुणा आत राहतात. सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात आणि हेडलाइटच्या काचेआड वाळलेला गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, न दिसणाऱ्या नटबोल्टवर गंज. इंडिकेटर, हॉर्न, सेल्फ स्टार्ट दोन-तीनदा चालवून पाहावेत.

पैसे कसे द्यायचे?

गाडी न पाहता टोकन देऊ नये. लष्करात असल्याचं सांगून, बदली झाल्यामुळे बाईक स्वस्तात विकायची आहे असं भासवून आधी 'गेट पास'चे किंवा 'ट्रान्सपोर्ट'चे पैसे मागणं, ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे.

गाडी डीलरकडून घेत असाल, तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र पाहावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं.

रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने, आरसीवर नाव असलेल्या व्यक्तीच्याच खात्यात द्यावी. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात, कारण त्याआधीची चलन कोणाची आणि नंतरची कोणाची, हे त्यावरूनच ठरतं. दोघांची तयारी असेल तर थोडी रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवावी आणि तसं कागदावर लिहावं. संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत नोंद बदलून नव्या नावाचं आरसी येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नये.