ठाण्याचे रजिस्टर ते दवाखान्याचा केसपेपर

१६ ऑक्टोबर १९५६. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. ही तारीख आपल्यापैकी कुणालाच सांगावी लागत नाही. पण त्या दिवशी बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की लागणारा राजुरा तालुका अजून हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्यात हिजड्यांसाठी एक खास कायदा होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

कायदा निजामाच्या काळातला, १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ चा. हिजड्यांची नावे आणि पत्ते सरकारी रजिस्टरात लिहायचे. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बाईच्या कपड्यांत दिसली, नाचली, गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कल्पना इंग्रजांची. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे सांगायचे विसरतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त सुटले. निजामाचा कायदा मात्र तेलंगणात कागदावर जिवंत राहिला. जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगणाच लागतो, म्हणजे ही काही परमुलखातली गोष्ट नाही.

हा इतिहास उकरायचे कारण आजचे आहे. एचआयव्हीबद्दलच्या बैठकांत एक शब्द सारखा ऐकू येतो : हेल्थ सीकिंग बिहेवियर. तृतीयपंथी महिला तपासणीला येत नाहीत, आल्या तर उशिरा येतात, औषध मध्येच सोडतात, म्हणून त्यांचे वर्तन बदलायला हवे. म्हणजे दोष पुन्हा तिचाच. ज्या समाजाचे नाव सरकारने पहिल्यांदा लिहिले ते पोलिसाच्या वहीत, त्या समाजाने सरकारी खिडकीवर हसतमुखाने नाव लिहून द्यावे, ही अपेक्षा कोण करतो?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. १९९२ मध्ये नॅको आली. तिने ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, वेश्याव्यवसायातील स्त्रिया असे गट पाडले. कोळसा खाणी, वीज केंद्र आणि सिमेंट कारखान्यांच्या चंद्रपुरात हे गट कुणालाही दिसतात. तृतीयपंथी महिला मात्र बरीच वर्षे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या रकान्यात मोजल्या गेल्या. बाई म्हणून जगणारीला कंडोम हवा असेल तर आधी कागदावर पुरुष व्हावे लागले! वेगळे मोजल्यावर काय दिसले? २०१७ च्या पाहणीत त्यांच्यातले एचआयव्हीचे प्रमाण ३.१४ टक्के निघाले. देशातल्या प्रौढांचे प्रमाण तेव्हा ०.२२ टक्के होते. चौदा पट.

१५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने ओळख मान्य केली. मग २०१९ चा कायदा आला. त्यातले आरोग्याचे कलम, १५ वे, उघडून बघा. पहिलाच मुद्दा एचआयव्हीच्या स्वतंत्र सर्वेक्षण केंद्रांचा. ताप, दात, मधुमेह, मानसिक आजार हे तिला होतच नसावेत. तिचे शरीर म्हणजे एक रोग, ही नजर इथेही सुटलेली नाही.

लोक येत नाहीत, या तक्रारीचे उत्तर गडचिरोलीने एकदा दिलेले आहे. जिल्ह्यातील बायका अंगावरचे दुखणे सांगत नाहीत, लाजतात, असेच म्हटले जाई. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के स्त्रियांची. बायका त्याच होत्या. फरक एवढाच की कुणीतरी गावात जाऊन नीट विचारले.

आता आपल्याकडे बोट. आमच्याच एका आरोग्य शिबिरात आम्ही दोन रांगा केल्या होत्या, स्त्रिया आणि पुरुष. रेल्वेत मागती करणाऱ्या दोघीजणी आल्या, क्षणभर थांबल्या, रांगेतली काही पोरे हसली आणि त्या निघून गेल्या. निळा गमछा गळ्यात घातलेलीच पोरे होती ती. आम्हीही त्यांना थांबवले नाही. तृतीयपंथीयाला जात नसते, असेही आपल्यातले काही म्हणतात. घरातून हाकललेल्या महाराच्या, गोंडाच्या लेकराला बापाचे कागद मिळत नाहीत, म्हणून जातीचा दाखला मिळत नाही. जात जात नाही, फक्त तिचे हक्क जातात.

हा विषय आपला नव्हे, म्हणणाऱ्यांनी १९३४ आठवावे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली हा गुन्हा, आणि त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचाही प्रश्न होता. वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरले, पण लैंगिक ज्ञान म्हणजे घाण नव्हे ही बाजू त्यांनी भर कोर्टात मांडली. चळवळीतल्या किती जयंत्यांना हे सांगितले जाते?

सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. दिवसाची कमाई बुडवून तिने यायचे, आणि खिडकीवर जुन्या नावाने मोठ्याने हाक ऐकायची. औषध २००४ पासून मोफत आहे. ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका कमी राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणे नाही, असे २०१७ चा एचआयव्ही कायदा बजावतो. १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. यातले तिच्यापर्यंत किती पोचले?

येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आमचे टेबल असेल. रांग एकच. आधी बीपी आणि साखर, एचआयव्हीची माहिती मागेल त्याला, तपासणीला सोबत हवी असेल तर सोबत. केसपेपरवर नाव ती सांगेल ते. हसणाऱ्या पोरांपैकी दोघांना पाण्याच्या पिंपावर उभे केले आहे, त्यांनी स्वतःहून होकार दिला.