पांढऱ्या लेबलची कुळकथा

फिलाडेल्फियाजवळच्या आजोळी फ्लोरेन्स केली नावाची एक मुलगी सुट्टीला जाई. तिथे नात्यानं तिची आजी लागणाऱ्या सारा प्यू होत्या. त्या साखर खात नसत आणि आतले कपडे लिननचे घालत, सुती कधीच नाही. नातीनं कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की ऊस आणि कापूस गुलामांकडून पिकवून घेतात, म्हणून हे दोन्ही आपण केव्हाच सोडलं. सारा प्यू गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या या नातीनं पुढे 1899 मध्ये बायकांच्या पांढऱ्या सुती अंतर्वस्त्रांवर एक लहानसं लेबल शिवायला लावलं. हा कपडा कुणाचा छळ करून शिवलेला नाही, अशी हमी ते लेबल देत असे. कपडा कुणी आणि कसा शिवला हे विचारणारी जी मोठी चळवळ आज आपण पाहतो, तिचं मूळ शोधत गेलं की या चिंधीएवढ्या लेबलपाशी पोचतो.

केली 1891 च्या अखेरीस तीन मुलांना घेऊन शिकागोला आल्या आणि तिथल्या हल हाऊस या सेवाकेंद्रात राहू लागल्या. भोवती युरोपातून आलेल्या गरिबांची वस्ती होती आणि घरोघरी शिलाई चाले. घाऊक व्यापारी कापड बेतून, कापून त्याचे गठ्ठे सगळ्यात कमी बोली लावणाऱ्या कंत्राटदाराला देत. हा कंत्राटदार भाड्याच्या खोलीत दोन-चार मशिनं टाके, माणसं नगावर कामाला लावी, आणि धावदोरा, तुरपाई, काजं-बटणं असलं बारीकसारीक काम बायकांच्या घरी धाडून देई. घरात मुलंही सुई धरत. व्यापारी भाव पाडी, कंत्राटदार तो तोटा शिवणाऱ्यांवर ढकली. व्यापाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला फक्त इस्त्री केलेला कोट दिसे.

केलींनी ही घरं जिने चढून पाहिली, नोंदी केल्या. त्यातून 1893 मध्ये इलिनॉय राज्याचा कायदा आला: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस, घरातल्या शिलाईवर देखरेख. केलींनाच मुख्य कारखाना निरीक्षक नेमलं. 1894 मध्ये शिकागोत देवीची साथ आली, आणि देवीचे रोगी असलेल्या खोल्यांतच कोट शिवले जात असल्याचं त्यांनी उघडकीला आणलं. पण 1895 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ तासांचं कलम रद्द केलं. प्रौढ बाईला हवे तितके तास राबण्याचा करार करायचं स्वातंत्र्य आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. पोट हातावर असलेल्या बाईला कसलं आलंय करार करायचं स्वातंत्र्य? हा निकाल वाचताना आजही संताप येतो. दोन वर्षांनी सरकार बदललं आणि केलींची नोकरीही गेली.

कायद्याचा रस्ता असा अडला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या बायकांनी दुसरा रस्ता आधीच चाचपून पाहिला होता. तिथल्या मोठ्या दुकानांत माल विकणाऱ्या मुलींचे हाल ॲलिस वुडब्रिज यांनी एका अहवालात मांडले. त्यावरून 1891 मध्ये जोसेफाइन शॉ लोवेल यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहकांची संघटना, कन्झ्यूमर्स लीग, उभी राहिली. वाईट दुकानांची यादी छापावी, तर बहिष्काराचा कट केला म्हणून कोर्टात खेचलं जाण्याची भीती. म्हणून त्यांनी चांगल्या दुकानांची ‘पांढरी यादी’ छापली. अनुभवी कामगाराला आठवड्याला किमान सहा डॉलर, पाऊण तास जेवणाची सुट्टी आणि बसायला आसन, अशा अटी. आसनाची अट आज क्षुल्लक वाटेल, पण दिवसभर उभं राहणाऱ्या मुलीच्या पायांना विचारा. पहिल्या यादीत जेमतेम आठ दुकानं बसली.

1899 मध्ये ठिकठिकाणच्या अशा संघटनांची राष्ट्रीय लीग झाली आणि केली तिच्या सरचिटणीस झाल्या. 1932 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच पदावर होत्या. आता यादीतल्या दुकानाऐवजी कपडाच निवडायचा होता. पांढरं लेबल मिळायला चार अटी होत्या: राज्याचा कारखाना कायदा पाळलेला असावा, सगळा माल कारखान्याच्या आवारातच तयार व्हावा, जादा वेळ काम घेऊ नये, आणि सोळा वर्षांखालचं मूल कामावर नसावं. लेबल देण्याआधी कारखाना प्रत्यक्ष पाहून येत. अंतर्वस्त्रं निवडण्यात शहाणपण होतं. ती बायकाच विकत घेत आणि ती बव्हंशी कारखान्यांत होत, त्यामुळे तपासणी आवाक्यातली होती.

या लेबलचं कौतुक करताना त्याचे दोष झाकता येत नाहीत. अटींत मजुरीचा आकडाच नव्हता. कामगारांची संघटना असलीच पाहिजे असंही बंधन नव्हतं, म्हणून शिलाई कामगारांच्या युनियन त्याच्याकडे संशयानं पाहत. शिवाय लीगच्या प्रचारात दयेइतकीच रोगाची भीती होती: गरिबाच्या खोलीतली देवी आणि क्षय तुमच्या घरात येईल. अमेरिकेतल्या लेबलच्या घराण्यात याहून काळा डागही आहे. 1870 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोऱ्या सिगार कामगारांनी चिनी कामगारांना धंद्यातून हुसकण्यासाठी गोऱ्यांनी वळलेली अशा अर्थाची खूण सिगारच्या पेट्यांवर चिकटवली होती. लेबल कुणाला आत घेतं याबरोबर कुणाला बाहेर ठेवतं, हेही पाहावं लागतं.

25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या शिलाई कंपनीत आग लागली. ही काही कुणाच्या घरातली कोंदट खोली नव्हती. आगीपासून सुरक्षित समजल्या जाणाऱ्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता. एक दार कुलूपबंद होतं. 146 माणसं गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. माल कारखान्यातच बनवा, एवढ्यानं जीव वाचत नाहीत हे सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी जवळच असलेल्या फ्रान्सिस पर्किन्स धावत तिथे पोचल्या आणि खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या. त्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कन्झ्यूमर्स लीगच्या सचिव होत्या. पुढे 1933 मध्ये त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, आणि 1938 मध्ये किमान वेतन, कामाचे तास आणि बालमजुरीवरची बंदी देशाच्या कायद्यात आली. पांढरं लेबल 1918 मध्येच बंद झालं होतं. ते फसलं असं मला वाटत नाही. कपड्यामागचा माणूस विचारात घ्यायची सवय त्यानं हजारो गिऱ्हाइकांना लावली, आणि त्यातल्याच बायका पुढे कायद्यासाठी उभ्या राहिल्या.

मग शिलाईच स्वस्त मजुरीच्या देशांत गेली. ढाक्याजवळच्या साभारला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत होती. तिला तडे गेलेले दिसल्यावर खालच्या बँकेनं आपली माणसं परत पाठवली, शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. तो दिवस 24 एप्रिल 2013. इमारत कोसळून 1,134 जण मेले. तिथल्या काही कारखान्यांची विदेशी ब्रँडांसाठी आधी तपासणीही झाली होती. ढिगाऱ्यात कार्यकर्त्यांनी लेबलं शोधली, कारण माल कुणासाठी शिवला जात होता याचा पुरावा तीच होती.

त्यानंतर महिनाभरातच ‘बांगलादेश अकॉर्ड’ हा करार झाला. त्यात दोनशेहून जास्त ब्रँड आले. तपासणीचे अहवाल जाहीर करायचे, दुरुस्तीच्या खर्चाला हातभार लावायचा, आणि शब्द मोडला तर युनियनला लवादाकडे जाता येईल, अशी त्याची रचना होती. गिऱ्हाइकांचा दबाव, युनियन आणि कायद्यानं बांधणारा कागद, ही तिन्ही इथे एकत्र आली. पांढऱ्या लेबलला जे जमलं नव्हतं ते हेच. 2023 मध्ये याच धर्तीचा करार पाकिस्तानातही लागू झाला.

आपल्या शर्टाच्या लेबलवर देशाचं नाव आणि धुण्याच्या सूचना असतात, कारखान्याचं नाव सहसा नसतं. ते ब्रँडला लेखी विचारा. जगातले बरेच ब्रँड आता आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करतात, आणि विचारणारे होते म्हणूनच ती जाहीर होऊ लागली.