देवराष्ट्रेची जीप आणि कलम 52

एपिसोड ऐकला नसेल तरी हरकत नाही, तेच सगळं इथे लिहून ठेवलंय. गेले काही दिवस इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय: "दादा, पिकअपला मोठे टायर टाकून गाडी उचलून घेतली तर आरटीओ पकडेल का?" विचारणारे निम्मे एमएच 10 वाले, निम्मे एमएच 11 वाले. उत्तर देतो, पण आधी आपल्याच भागातल्या एका जीपची गोष्ट ऐका.

डिसेंबर 2021. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांच्या गाडीचा व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. भंगारातले भाग जोडून, साधारण 60 हजारांत बनवलेली छोटी जीप. स्टीअरिंग डावीकडे, आणि गाडी चालू करायची ती मोटारसायकलसारखी किक मारून! मुलाची हौस म्हणून बनवलेली. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला, कौतुक केलं, पण त्याच दमात हेही लिहिलं की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून त्यांनी सांगितलं, ही जीप आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. घरातली पहिली गाडी म्हणजे लक्ष्मीच, ती द्यायला जीव कसा होईल? तरी शेवटी जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झाली.

आता गंमत बघा. जी जीप डोळ्यांसमोर ठेवून लोहारांनी ही गाडी बनवली, ती मुळात एक छोटा ट्रकच होती. 1940 मध्ये अमेरिकन सैन्याला कुठल्याही वाटेने जाणारी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना द्यायला कंपन्यांना मुदत दिली फक्त 49 दिवस. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो वेळेत आणून उभा केला, पण मोठी ऑर्डर गेली विलीज आणि फोर्डकडे. महायुद्धात अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. सरकारी कागदावर नाव काय? पाव टनाचा फोर बाय फोर ट्रक.

आपल्याकडे 1945 मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडे कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. विलीज जीपची जुळणी 1947 पासून सुरू झाली.

इथे थोडं विषयांतर, पण राहवत नाही. 1948 मध्ये सैन्यासाठी परदेशातून जीप घ्यायचा सुमारे 80 लाखांचा करार झाला, आल्या फक्त 155. तो करार केला व्ही. के. कृष्ण मेनन यांनी. पुढे हेच मेनन संरक्षणमंत्री झाले आणि 1962 च्या चीन युद्धात त्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी कोण गेलं? यशवंतराव चव्हाण. जन्म 1913, गाव देवराष्ट्रे! तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, सांगली जिल्हा नंतर वेगळा झाला. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण आहे भारी.

आता मुद्द्यावर येऊ. गाडीत फेरफार करणं आपल्याकडे हौस म्हणून आलेलंच नाही, ते पोटासाठी आलं. पेट्रोलच्या जुन्या जीपला मिस्त्रींनी डिझेल इंजिन बसवलं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. आणि वडाप! एसटी वेळेवर आली नाही की आपल्या आजी-आजोबांनी वडापच पकडलं. मागे फळी टाकून वाढवलेली सीट, वर कॅरिअर, बाजूला ताडपत्री, मागच्या पायरीवर लोंबकळणारी चार पोरं. डोंगरातल्या वाडीवस्तीला त्याच गाडीने जोडलं, आणि घाटात उलटलेल्या वडापांनी माणसंही गेली. दोन्ही खरंय. वडापच्या आठवणी काढताना लोक दुसरं वाक्य गाळतात, ते मला पटत नाही.

म्हणून कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंद असलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. काही दरवाजे उघडे आहेत: परवानगी घेऊन इंजिन बदलता येतं, सीएनजी किट बसवता येतं, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेता येते. केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 9 जानेवारी 2019 ला हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दंड आहे प्रत्येक बदलाला 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द परत वाचा.

पुढचा लोखंडी बुलबार? डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलंय. समोरून आदळणाऱ्या पायी माणसाला तो जास्त लागतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं.

मोठ्या टायरचं म्हणाल तर चाकाचा घेर वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, चढाला गाडी ओढत नाही, ब्रेकवर ताण येतो. पाटे उंच केले की गाडीचा तोल वर जातो. माण-खटावच्या माळावर हे जाणवणार नाही. खंबाटकीच्या वळणावर जाणवेल. त्यात अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर क्लेम अडकू शकतो. पिकअपवर घर चालत असेल तर हा धोका हौसेपेक्षा मोठा आहे.

मग करायचं काय? कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापातच खोल नक्षीचे टायर घ्या. चिखलात हवा थोडी कमी करा, म्हणजे टायर पसरून पकड धरतो; डांबरीवर यायच्या आधी मात्र परत भरा, नाहीतर कडा तापून टायर फाटेल. हवेचा छोटा पंप, फावडं, ओढायचा चांगला पट्टा, दोन फळ्या सोबत ठेवा. यातल्या कशालाच आरटीओची परवानगी लागत नाही. बहुतेक पिकअपची मागची दोनच चाकं ओढतात आणि मागे माल नसला की तीच हलकी पडतात. अशा वेळी हौद्यात पाच-सहा वाळूची पोती टाका, नीट बांधून. उसाच्या फडातून गाडी बाहेर काढणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तोही हेच सांगेल.

आणि कासच्या पठारावर गाडी घालायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. त्या फुलांखालची माती काही इंचांचीच आहे.

लोहारांच्या जीपबद्दल विचाराल, तर ती महिंद्राच्या रिसर्च व्हॅलीत ठेवायची असं ठरलं होतं. मला वाटतं, कायद्याचं बरोबर होतं आणि लोहारांचंही. अशा एकट्याने बनवलेल्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देणारी, गावातल्या मिस्त्रीला परवडेल अशी सोय आपल्याकडे असती, तर अदलाबदलीची वेळच आली नसती. पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा.

पुढच्या भागात देवराष्ट्रेपासून फार लांब नाही जायचं: किर्लोस्करवाडी, 1910, आणि लोखंडी नांगर.