ठसा एकाचा, नाव दुसऱ्याचे

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राचा इतिहास शोधांचा म्हणून सांगितला जातो. खरे तर तो छापायला धाडलेल्या आणि न धाडलेल्या कागदांचाही इतिहास आहे. विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्यांनी 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे ते ठसे जमवत राहिले. 1877 मध्ये हुगळीहून त्यांनी तुरुंगखात्याच्या प्रमुखांना पत्र लिहून कैद्यांवर ही पद्धत आजमावायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. पत्र दप्तरी जमा झाले. त्याच सुमारास तोक्योत स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स जुन्या मडक्यांवर उमटलेली बोटे न्याहाळत होते. त्यांनी 1880 मध्ये डार्विनना लिहिले, डार्विननी ते पत्र फ्रान्सिस गाल्टनकडे पाठवले, आणि पुढे ते एका विद्वत्संस्थेत पडून राहिले. फॉल्ड्स मात्र तिथे थांबले नाहीत. 28 ऑक्टोबर 1880 च्या ‘नेचर’मध्ये त्यांचे पत्र छापून आले; गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशांवरून गुन्हेगार हुडकता येईल, हे त्यात होते. 25 नोव्हेंबरच्या अंकात हर्शेल यांचे पत्र आले: हे आपण कित्येक वर्षे करत आहोत. बावीस वर्षांचे काम विद्वानांपुढे आले, ते दुसऱ्याने आधी छापले म्हणून!

पण ठसे जमवणे सोपे. हजारोंच्या ढिगातून हवा तो काढायचा कसा? याचे उत्तर कलकत्त्यात, बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली सापडले. गणितात मुरलेले अझीझुल हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस या दोघा हिंदी कर्मचाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर 16, दुसरीत 8, मग 4, 2 आणि 1. जोडीतले एक बोट अंशात, दुसरे छेदात; दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. फक्त उजव्या तर्जनीवर चक्र असलेल्या माणसाचा अपूर्णांक 17/1. असे 1,024 प्रकार होतात आणि कपाटाला तेवढेच कप्पे लागतात. 1897 मध्ये सरकारी समितीने पद्धत उचलून धरली, हेन्रींनी 1899 मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या डोव्हर अधिवेशनात निबंध वाचला, 1900 मध्ये पुस्तक काढले, आणि 1901 मध्ये स्कॉटलंड यार्डात ठसे विभाग सुरू झाला. पद्धत हेन्रींच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

यावर कोणी म्हणेल, कचेरीतले काम साहेबाच्या सहीनेच बाहेर जायचे. त्यात नवल ते काय? शिवाय सरकारला पटवणे, पैसा आणि जागा मिळवणे हे हक किंवा बोस यांच्या हातचे नव्हते. हे मान्य करायलाच हवे. हेन्री नसते तर ते कप्पे कलकत्त्याबाहेर गेले असते की नाही, शंकाच आहे. पण पद्धत राबवल्याचे श्रेय वेगळे आणि ती रचल्याचे वेगळे. कचेरीच्या टिपणात ही दोन्ही एका सहीखाली मिसळली तरी खपते, कारण तिथे काम होण्याशी मतलब. विद्वत्सभेपुढे ठेवलेला निबंध मात्र ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचेही उत्तर देत असतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: आधी छापून फॉल्ड्सना तरी काय मिळाले? हयातीत फारसे काही नाही, आणि मान मिळावा म्हणून ते शेवटपर्यंत भांडत राहिले. तरी भांडायला त्यांच्यापाशी तारखेसह छापलेले पान होते. ते कोणाला नाकारता आले नाही, आणि आज ठशांच्या इतिहासात त्यांचे नाव वगळून पुढे जाता येत नाही.

हक यांच्यापाशी असे पान नव्हते. सरकारकडे आपल्या कामाची दखल मागताना त्यांना निवृत्त हेन्रींच्या शब्दावरच विसंबावे लागले. वर्गीकरण पूर्णत्वाला नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा, असे हेन्रींनी 1926 मध्ये लिहून दिले. पुस्तक निघून तोवर पाव शतक उलटले होते. बोस यांनी ठशाचे वर्णन तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत बसवली. ती त्यांनी स्वतःच्या नावाने पुस्तिकेत छापली, आणि ती बोस यांचीच म्हणून ओळखली जाते.