वेबपृष्ठावरील पार्श्वचित्राची मांडणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्र जागवतात. रंगमंचाच्या मागील बाजूस रंगविलेला पडदा राजवाडा किंवा अरण्य सूचित करतो. संवाद मात्र नटाच्याच मुखातून येतो. वेबपृष्ठावर मजकुरामागे असणाऱ्या चित्राचे, म्हणजेच पार्श्वचित्राचे, स्थानही तत्त्वतः असेच आहे. हे चित्र कोठे ठेवावे, त्याची पुनरावृत्ती कशी व्हावी आणि दोन प्रतिमांत अंतर किती असावे हे ठरविणाऱ्या साधनांचा विकास, तसेच त्यांच्या वापराचा मराठी मजकुरावर झालेला परिणाम, यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आरंभीचा काळ

1995 साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या 1.1 या आवृत्तीने पृष्ठामागे चित्र ठेवण्याची सोय दिली. परंतु ते चित्र फरशीप्रमाणे आडवे-उभे संपूर्ण पृष्ठभर पसरत असे. त्याची जागा निश्चित करणे किंवा पुनरावृत्ती थांबविणे लेखकाच्या हाती नव्हते. जानेवारी 1997 मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल 3.2 मध्येही ही मर्यादा कायम राहिली.

दरम्यान, 10 ऑक्टोबर 1994 रोजी सर्न या संशोधन संस्थेत कार्यरत असलेले नॉर्वेचे हाकोन व्हियुम ली यांनी मजकूर आणि त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवण्याचा प्रस्ताव मांडला होता. पुढे बर्ट बॉस यांच्या सहकार्याने त्यातून कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, म्हणजेच सीएसएस, हे प्रमाण साकारले. 17 डिसेंबर 1996 रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या स्तरातच पार्श्वभूमीचा रंग, चित्र, पुनरावृत्ती, स्थिरता आणि स्थान असे पाच गुणधर्म समाविष्ट होते.

स्थान व अंतर यांचे गणित

स्थान टक्केवारीत देण्याची पद्धत विशेष लक्षणीय आहे. 25 टक्के म्हणजे चौकटीच्या रुंदीचा चौथा हिस्सा मोजून तेथून चित्र सुरू करणे नव्हे. चित्रातील 25 टक्क्यांवरील बिंदू चौकटीतील 25 टक्क्यांवरील बिंदूवर ठेवला जातो. चौकट 1000 पिक्सेल आणि चित्र 200 पिक्सेल रुंद असल्यास उरलेली जागा 800 पिक्सेल होते. तिचे 25 टक्के म्हणजे 200 पिक्सेल अंतर डावीकडे सुटते. 50 टक्के दिल्यास चित्र बरोबर मध्यभागी येते आणि 100 टक्के दिल्यास उजव्या कडेला टेकते. ही पद्धत समजली नसल्यास चित्र अपेक्षित जागी का बसत नाही, हे कोडे सुटत नाही.

स्थानाला ऋण मूल्यही देता येते. मार्च 2004 मध्ये डेव्ह शे यांनी या सोयीच्या आधारे अनेक लहान चित्रे एकाच फाइलमध्ये ठेवून हवा तेवढाच भाग दाखविण्याची युक्ती लोकप्रिय केली. सर्व्हरकडे जाणाऱ्या मागण्या त्यामुळे कमी झाल्या. तिसऱ्या स्तरातील पार्श्वभूमीविषयक भाग डिसेंबर 2009 मध्ये उमेदवार-शिफारस या टप्प्यावर पोहोचला. त्यात चित्राचा आकार ठरविणे आणि एकाहून अधिक चित्रे एकावर एक ठेवणे शक्य झाले. पुनरावृत्तीचे दोन नवे प्रकारही आले. 'स्पेस' या प्रकारात अखंड चित्रे मावतील तेवढीच घेऊन उरलेली जागा त्यांच्यात समान वाटली जाते. 'राउंड' या प्रकारात चित्रेच थोडी लहान-मोठी होऊन जागा भरून काढतात.

मजकूर पार्श्वभूमीत जाणे

नियंत्रण वाढले तसा मोहही वाढला. 2003 च्या सुमारास शीर्षकाचा खरा मजकूर लपवून त्याचे सुबक चित्र पार्श्वभूमीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी जो क्लार्क यांनी दाखवून दिले की, अशा रीतीने लपविलेला मजकूर दृष्टिहीनांसाठीची वाचक-प्रणाली अनेकदा वाचतच नाही.

मराठीच्या बाबतीत हा मोह अधिक प्रबळ होता. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी वेगळी सोय स्थापित करावी लागत असे आणि युनिकोडबाह्य फाँटचे सर्वत्र प्राबल्य होते. वाचकाच्या संगणकावर जोडाक्षरे मोडून दिसण्यापेक्षा शीर्षकाचे चित्र देणे सुरक्षित वाटे. त्याची किंमत मात्र मोठी होती. चित्रातील मराठी शोधयंत्राला सापडत नाही, उचलून दुसरीकडे उद्धृत करता येत नाही आणि कानांनी वाचणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय बहुतेक ब्राउझर मूळ मांडणीनुसार पार्श्वचित्रे छापत नाहीत. त्यामुळे पार्श्वभूमीत दिलेले संस्थेचे नाव किंवा सूचना कागदावर उमटतच नाही. डिसेंबर 2008 च्या डब्ल्यूसीएजी 2.0 या सुलभता-मार्गदर्शिकेच्या पूरक दस्तऐवजांत सीएसएसद्वारे अर्थवाही चित्र देणे, त्याला मजकुराचा पर्याय नसल्यास, स्पष्टपणे दोष मानले आहे.

पुढे तांत्रिक कारणही उरले नाही. 2009 नंतर पृष्ठासोबतच फाँट पाठविण्याची सोय प्रमुख ब्राउझरमध्ये स्थिरावली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या 'मुक्ता'सारखे देवनागरी फाँट विनामूल्य उपलब्ध झाले. सवय मात्र कारणापेक्षा अधिक काळ टिकते.

निष्कर्ष

पार्श्वचित्राच्या साधनांचा इतिहास हा मजकूर आणि सजावट यांच्या विभागणीचा इतिहास आहे. सीएसएसने ही विभागणी शक्य केली. तिचे पालन करणे वापरकर्त्याच्या विवेकावर सोडले. महाविद्यालयीन संकेतस्थळांची पडताळणी करण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. सर्व पार्श्वचित्रे काढून टाकल्यावर पृष्ठाचा अर्थ पूर्ण राहतो काय? राहत असेल तर मांडणी योग्य आहे. राहत नसेल तर तेथील मराठी चित्रात अडकून पडली आहे. प्रवेशाची सूचना, शुल्काचा तपशील, परीक्षेचे वेळापत्रक हे संवाद आहेत. झाडीपट्टीच्या कोणत्याही नाटकात संवाद पडद्यावर रंगवून ठेवत नाहीत.